जॅझचा बस्ता

उमरग्यात बस्ता म्हणजे निम्मं लग्न. नवरीचा शालू तिनं एकटीनं जाऊन घ्यायचा नसतो. दोन्ही घरांनी दुकानातल्या गाद्यांवर मांडी ठोकायची, चहावर चहा रिचवायचा, दुकानदाराच्या होत्या नव्हत्या तेवढ्या घड्या मोडायच्या, आणि एकानं 'घ्या' म्हटलं की दुसऱ्यानं 'थांबा' म्हणायचं, असा शिरस्ता आहे. म्हणून शिवांजलीनं जेव्हा घरात सांगितलं, की मला भारीतला शालू नको, त्याऐवजी रेकॉर्डी घेऊन द्या, तेव्हा तिच्या वडिलांनी, महालिंगप्पांनी, हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "घे की. पर बस्त्यातच घ्यायच्या. पोरीनं काय चोरून बांधून आणलं, असं नवऱ्याकडच्या इवाई लोकांनी म्हणाया नको."

तिला वाटलं, बाबा थट्टा करतायत. पण थट्टा वगैरे काही नव्हती. गुरुवारी सकाळी कापडाचा बस्ता उरकला, जेवणं झाली, आणि दुपारी हायवेवरच्या टायरच्या दुकानामागं दोन क्रूझर गाड्या येऊन उभ्या राहिल्या. त्यातून काका, काकू, मामा, करवल्या आणि लुगड्याचा पदर सावरत नवरदेवाची आत्या इरम्मा असं सगळं वऱ्हाड उतरलं, जॅझच्या रेकॉर्डी बघायला.

त्या टायरच्या दुकानामागं रणधीरचं गोडाऊन आहे. हैदराबादेतले जुने बंगले पडायला लागले की हा तिथं पोचतो, पोती भरभरून रेकॉर्डी आणतो, धुऊन पुसून त्यांचे फोटो मोबाईलवर टाकतो आणि पुण्या-बेंगळुरूच्या शौकिनांना कुरियर करतो. गावाला तो भंगारवालाच वाटतो. गावातलं त्याचं गिऱ्हाईक एकच, शिवांजली. हैदराबादेत फिजिओथेरपी शिकताना ती ज्या घरात राहायची, तिथं वरच्या मजल्यावरचे म्हातारे मालक रोज संध्याकाळी जॅझ लावायचे. पहिलं वर्ष तिनं डोकं दुखतं म्हणून कानात कापूस घातला. दुसऱ्या वर्षी कापूस काढला. तिसऱ्या वर्षी ती जिन्यात बसून ऐकायला लागली, आणि पहिल्या पगारात तिनं रेकॉर्ड प्लेअर घेतला तेव्हा आईनं कपाळाला हात लावला होता.

तिला त्यात काय आवडायचं, हे तिनं एकदा मल्लेशला फोनवर सांगितलं होतं. "एकजण काहीतरी म्हणतो. दुसरा नुसती मान हलवत नाही, तो आपलं वेगळंच काहीतरी म्हणतो. पण पहिल्याचं ऐकून म्हणतो. मजा त्यात आहे."

"छान," मल्लेश म्हणाला होता.

आणि नेमकी हीच तर पंचाईत होती. मल्लेश जिल्ह्यातल्याच वाशीला जनावरांचा डॉक्टर. देखणा, निर्व्यसनी, हळू बोलणारा. साखरपुड्याला चार महिने झाले होते, आणि या चार महिन्यांत तो एकदाही 'नको' म्हणाला नव्हता. वाशीत घर वरच्या मजल्यावर घ्यायचं की खालच्या? चालेल. लग्नानंतर मी नोकरी करणार. चालेल. फिरायला डोंगरात जायचं की समुद्रावर? तुम्ही म्हणाल तिथं. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस गं! शिवांजलीला मात्र रात्र रात्र झोप लागायची नाही. भांडखोर नवरा परवडला, पण हा माणूस आत आहे तरी कुठं? जन्मभर आपल्याच मताशी संसार करायचा का? लग्न बारा दिवसांवर आलं होतं, आणि आज काही झालं तरी याला काय आवडतं ते काढून घ्यायचंच, असं ठरवूनच ती क्रूझरमधून उतरली होती.

रणधीरनं आयुष्यात एका वेळी दोनाहून जास्त गिऱ्हाइकं पाहिली नव्हती. त्यानं घाईघाईनं ताडपत्री अंथरली, वर शेजाऱ्याची चादर टाकली. मंडळी बसली. पाच रेकॉर्डी घ्यायच्या, असं महालिंगप्पांनी जाहीर केलं, कारण बस्त्यात पाचाला मान.

"दाखवा," इरम्मा आत्या म्हणाल्या, आणि पहिलीच रेकॉर्ड कव्हरातून काढून त्यांनी शालूचा पोत बघावा तशी अंगठ्यानं चोळली.

"अहो आत्याबाई, हात नका लावू!" रणधीर ओरडला.

"का? रंग जातो व्हय?"

रणधीरनं डोळे मिटले आणि रेकॉर्ड लावली. नुसता पियानो, त्याच्या मागं हलकी थाप. मल्लेशचे वडील शिवलिंगप्पा कपाळावरची विभूती सांभाळत भिंतीला टेकले आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. बाजू संपल्यावर त्यांना जाग आली. "लई चांगली हाय," ते म्हणाले. "महिना झाला असा डोळा लागला नव्हता. घ्या ही."

पहिली ठरली. दुसरी वीस-पंचवीस वाजवणाऱ्यांच्या ताफ्याची, सगळी पितळी वाद्यं एकदम. करवल्या बसल्या जागी नाचायला लागल्या. "आपल्या बँडवाल्यांसारखंच हाय की," इरम्मा आत्या म्हणाल्या, "पर हे समदे एका गावचे दिसतायत." ती पण ठरली. तिसरी एका बाईची. बाईचा गळा बायकांना फार आवडला. काकू म्हणाल्या, "काय म्हणतीया ती?"

रणधीर भोळेपणानं म्हणाला, "नवरा सोडून गेला म्हणतीया."

झालं! सगळ्यांचे चेहरे पडले. "बेड, बेड! नको!" इरम्मा आत्या घाबरल्या की त्यांना कन्नड सुचायचं. "लग्नाच्या बस्त्यात असलं अभद्र?"

"दुसऱ्या बाजूला तो परत येतो," शिवांजली झटकन म्हणाली. तसं काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला दुसरा कुणीतरी निघून जात होता.

"नक्की?"

"शेवटच्या गाण्यात येतो, आत्याबाई," रणधीरनं साथ दिली.

"मग घ्या. छलो अद," म्हणजे बरं आहे, असं म्हणून आत्यांनी ती रेकॉर्ड स्वतःच बाजूला ठेवली. हात लावलाच.

पुढची मात्र कुणालाच झेपली नाही. पियानो भलतीकडंच अडखळत चाललेला, ढोलवाला त्याच्या मागं हात धुऊन लागलेला. "भांडी पडली का मांडणीवरची?" आत्या म्हणाल्या. ती बाजूला गेली. मग गिटारची एक आली, तिचं हळदी रंगाचं कव्हर शिवांजलीच्या आईला आवडलं, आणि चौथी ठरली.

प्रत्येक वेळी शिवांजलीनं मल्लेशकडं बघितलं. तो चादरीच्या कोपऱ्यात बसून चांगला कान देऊन ऐकत होता. आणि प्रत्येक वेळी तो म्हणाला, "चालेल."

तिनं टाकाऊ गठ्ठ्याकडं बोट करून रणधीरला खूण केली. त्यानं त्यातली एक चिरा पडलेली रेकॉर्ड लावली. सुई एकाच जागी अडकली. ट्रंपेटवाला तोच तोच अर्धा सूर पुन्हा पुन्हा काढत राहिला. अख्खी मंडळी एकमेकांकडं बघायला लागली.

"कशी वाटते?" शिवांजलीनं विचारलं.

मल्लेशनं थोडा विचार केला. "चालेल की. तुम्हाला आवडली असेल तर."

तिनं स्वतःच सुई उचलली. आता शेवटची जागा उरली होती, आणि तिथं तिनं मनात धरून ठेवलेली रेकॉर्ड यायची होती. हैदराबादेत जिन्यात बसून ऐकलेली. रणधीरनं ती दोन वर्षं शोधली होती. एकच सॅक्सोफोन, संथ, रात्र उतरत जावी तसा. ती लागली आणि गोडाऊन शांत झालं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. शिवलिंगप्पासुद्धा जागे राहिले. शिवांजलीनं डोळे मिटले, ते बाजू संपल्यावरच उघडले.

"ही घ्यायची," महालिंगप्पा म्हणाले. "काय जावईबापू?"

"नको," मल्लेश म्हणाला.

आवाज एवढा बारीक होता की कुणाला खरंच वाटलं नाही. "काय म्हणालात?" शिवांजलीनं विचारलं.

"नाही… म्हणजे ही नको. मला नाही आवडली."

बस्त्यात सासरच्यांनी नवरीची पसंती मोडली, की त्याचे अर्थ वर्षभर निघत राहतात. काकूंचा पदर डोळ्यांवरून तोंडावर आला. शिवलिंगप्पांनी मुलाला कोपरानं ढोसलं. "मल्लेश! येडा हाय का तू? पोरीच्या डोळ्यात पाणी आलंय."

मल्लेश कानापर्यंत लाल झाला. त्यानं सगळ्यांकडं बघितलं आणि खाली मान घातली. "नाही, तसं नाही. चालेल. हीच घेऊ."

"नाही चालणार!" शिवांजली उठून उभी राहिली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "आत्ता नको म्हणालात ना? मग नको का, ते सांगा."

"जाऊ द्या ना."

"जाऊ देत नाही. सांगितल्याशिवाय इथून कुणी हलायचं नाही."

पोरीचं डोकं फिरलं, असं महालिंगप्पांना वाटलं. पण मल्लेशनं मान वर केली. आणि आजारी म्हशीपुढं बसून तो बोलत असेल तसा, हळू, पण न थांबता बोलायला लागला.

"फार गोड आहे ही. वाजवणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे की आपण रडणार. आपला हात धरून रडायला नेऊन बसवतो. मला नाही आवडत कुणी असं नेलेलं. त्यापेक्षा ती मघाची…"

"कुठली?"

"भांड्यांची."

"ती?" शिवांजली किंचाळलीच. "त्यात सूर तरी आहे का?"

"आहे की! तो पियानोवाला दरवेळी पडता पडता सावरतो. मला वाटलं, आता पडला, आता पडला. श्वास धरून बसलो होतो मी. आणि तो ढोलवाला त्याला सावरत नाही, उलट ढकलतो. तरी पडत नाही. तू ऐकलीच नाहीस नीट, तू आत्याच्या तोंडाकडं बघत होतीस."

"मी जॅझ सात वर्षं ऐकते, आणि तू मला शिकवतोस? आज दुपारपासून ऐकतोयस तू!"

"म्हणून काय झालं? कान दुपारपासूनच आहेत का मला?"

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"आत्या नको म्हणाली ना!"

भांडणाच्या भरात दोघंही 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, ते त्यांनाच कळलं नाही. मंडळींना मात्र कळलं. "अगं बाई," इरम्मा आत्या म्हणाल्या, "अजून अक्षता पडल्या न्हाईत, अन् हे सुरू बी झालं. साकु, साकु! पुरे करा!" महालिंगप्पा हात जोडून इवायांकडं वळले. शिवलिंगप्पा त्यांच्याकडं हात जोडून आधीच वळलेले होते. दोघांची जोडलेल्या हातांनीच गाठ पडली.

आणि शिवांजली हसायला लागली. थांबवूनही थांबेना. चार महिन्यांचं ओझं हसण्यातून उतरत होतं. समोर एक माणूस बसला होता, लाल कानांचा, हट्टी, साफ चुकीच्या मताचा. आणि तो आत होता. इतके दिवस आतच बसला होता, दार कुणी वाजवलं नव्हतं एवढंच. तिला त्याच्यावर एवढं प्रेम कधीच आलं नव्हतं.

"रणधीर," ती डोळे पुसत म्हणाली, "ती भांड्यांची बांधा."

"आणि ही?" रणधीरनं सॅक्सोफोनवाली दोन्ही हातांत धरली होती. "दोन वर्षं शोधली मी, ताई."

"राहू द्या तुमच्याकडं. ती मला पाठ आहे. भांड्यांची मला अजून कळायचीय."

मल्लेश गडबडला. "अगं, माझ्यासाठी नको सोडूस. खरंच. दोन्ही घेऊ, सहा झाल्या तर…"

"सहा?" इरम्मा आत्या ताडकन म्हणाल्या. "बस्त्यात पाचच. अन् पोरीनं एकदा सांगितलंय न्हवं? बांधा ती भांडी."

रणधीरनं पाचही रेकॉर्डी वर्तमानपत्रात गुंडाळल्या, सुतळी बांधली. आत्यांनी वर हळदीकुंकू वाहिलं, कारण बस्ता तो बस्ता. मंडळी चपला शोधायला लागली. बाहेर ट्रकांची रांग धूळ उडवत हैदराबादकडं चालली होती, आणि क्रूझरचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून कंटाळला होता.

"शिवांजली," मल्लेश दारातच थांबला. "एक सांगू?"

"सांग."

"सकाळची ती शेरवानी. मरून. सगळे छान म्हणाले म्हणून मी… त्यात मी बँडवाला दिसतो."

तिनं बापाला तिथूनच हाक मारली, अख्ख्या हायवेला ऐकू जाईल अशी. महालिंगप्पांनी कपाळावर हात मारला, इवायांनीही मारला, आणि कापडाच्या दुकानात परत जायचं म्हणताच करवल्यांनी टाळ्या पिटल्या. दोन्ही क्रूझर गावाकडं वळल्या. मागच्या सीटवर नवरानवरीच्या मध्ये इरम्मा आत्या बसल्या होत्या, रेकॉर्डींचा गठ्ठा मांडीवर घेऊन.

शिवांजली त्यांच्यावरून वाकली. "अजून काय काय आवडत नाही तुला?"

मल्लेशनं मोठा श्वास घेतला. "लई आहे गं. वेळ लागेल."

"लागू दे," ती म्हणाली.