बसक्या मोटारीची कॅनडी कुळकथा

दत्तोपंत चांदूरकरांच्या घराण्याला नागपुरात तीन पिढ्या लोक एकाच नावाने ओळखत आले: बसकी मोटारवाले. पूर्वजांनी भोसल्यांच्या दरबारात दफ्तर सांभाळलं, खुद्द दत्तोपंतांनी भूमी अभिलेख कार्यालयात छत्तीस वर्षं परक्यांच्या जमिनी नोंदवल्या; पण लग्नाकार्यात ओळख करून द्यायची वेळ आली की कोणीतरी म्हणणारच, "हे नाही का, बसकी मोटारवाले!" मग चार माणसं तोंडाला रुमाल लावणार. कोणाला लावायचे ते लावू देत, पण जेवणाच्या पंगतीत लावू नयेत एवढीच दत्तोपंतांची माफक अपेक्षा होती. तीही कधी पुरी झाली नाही.

मोटार होती फोर्ड, एकोणीसशे चौतीसची. आजोबा आबासाहेब कन्हानच्या खाणीत हेडक्लार्क होते. एक्कावन्न साली विलायतेला परत निघालेल्या खाणीच्या साहेबाकडून त्यांनी ती घेतली. छप्पर इतकं खाली दबलेलं, की आत बसलेला माणूस कायम नमस्काराच्या बेतात दिसे. पुढची मडगार्डं नव्हतीच. बॉनेटवर लाल-पिवळ्या ज्वाळा. असं का, हे घरात विचारायचं नाही असा रिवाज होता. दत्तोपंतांच्या वडिलांनी एकदा विचारलं, तेव्हा आबासाहेबांनी पानाचा डबा खाडकन बंद केला आणि दोन दिवस घरात कोणाशी बोलले नाहीत.

यंदा दिवाळीत पुतण्या गौरांगने टोरांटोहून येऊन मोटारीचा फोटो काढला, इंटरनेटवर टाकला आणि तिकडे आग लागली. वॉरन नावाच्या एका कॅनेडियन गृहस्थाचं पत्र आलं. हा मनुष्य कॅनडातल्या जुन्या हॉट रॉड गाड्यांचा इतिहास लिहीत होता. हॉट रॉड म्हणजे काय, तर तिकडची तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेत, छप्पर कापून बसकं करत, मडगार्डं उपटून फेकत, बॉनेटवर ज्वाळा रंगवत आणि सुसाट सोडत. तुमची गाडी तर हुबेहूब तशीच, वॉरनने लिहिलं. चेसिसवरचा नंबर पाहता ती आमच्याच विंडसर गावात बनलेली. इंग्रजांच्या मुलखांसाठी उजव्या हाताच्या गाड्या तेव्हा कॅनडातूनच जात. छप्पर हिंदुस्थानात येण्याआधी कापलेलं असेल, तर आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या हॉट रॉडपैकी ही एक ठरेल. पुस्तकात एक अख्खं पान राखून ठेवलं आहे. पुरावा तेवढा हवा.

दत्तोपंतांनी ते पत्र देवापुढे ठेवलं. तीन पिढ्यांचं हसं एका पानात धुऊन निघणार होतं! बसकी मोटारवाले नव्हे, कॅनडावाले! पुरावा नव्हता, पण कारकुनाच्या घराण्याला पुराव्याची काय अडचण? त्यांनी चाळीस पानांची मोटारीची बखर लिहून काढली. 'कॅनडा मुलखी विंडसर नामे शहर. तेथे जॉर्जजी नामे लोहार, हुन्नरी, महापराक्रमी. त्यांणी मोटारीचे मस्तक उतरविले. मुलखात थोर कीर्ति जाहली.'

"अहो, हे जॉर्जजी कोण?" बायको सुमतीने चष्म्यावरून विचारलं.

"असंल ना कोणीतरी. तिकडं घरोघरी जॉर्ज राहतेत."

"म्हणजे तुम्ही मनानंच लिहून राहिले?"

"बखर कोणी ना कोणी लिहितेच सुमती. मागून तिलेच इतिहास म्हणतेत."

सुमतीने कपाळाला हात लावला आणि संत्रं सोलायला घेतलं.

जानेवारीत वॉरन आला. सहा फूट चार इंच. बखरीचा इंग्रजी तर्जुमा त्याने भक्तिभावाने वाचला, जॉर्जजींच्या नावाखाली रेघ ओढली आणि म्हणाला, मोटार जिथे पहिल्यांदा चालली ते गाव पाहू या. दत्तोपंत निर्धास्त होते. खाणीतली त्या वेळची माणसं केव्हाच वर गेली होती. मोटार नागपुरातल्या प्रतापनगरच्या घराच्या अंगणातून निघाली. वॉरनचे गुडघे कानाशी आले आणि मान छपराखाली आडवी झाली. वाटेतल्या कामठीपर्यंत त्याने जे नागपूर पाहिलं ते सगळं कंबरेखालचं.

कन्हानला एका घरासमोर एक म्हातारी तूर पाखडत बसली होती. मोटार दिसताच तिने सूप खाली ठेवलं आणि थेट रस्त्यात येऊन उभी राहिली.

"थांबवा गा! हे तं आबासायबाची बसकी मोटार हाय!"

दत्तोपंतांनी ब्रेक दाबला. वॉरन हप्त्याहप्त्याने बाहेर पडला, वही उघडून म्हणाला, "या गाडी ओळखतात?"

"थोडंफार," दत्तोपंत इंग्रजीत म्हणाले.

म्हातारीचं नाव रुखमाबाई. वय नव्वदीला टेकलेलं, आवाज मात्र खणखणीत. तिने छपरावर थाप मारली. "हे माह्या मालकानं कापलं, भाऊ. डोमाजी मिस्त्रीनं. खानीच्या वर्कशॉपात होते ते."

"काय म्हणाल्या?"

"मोटार कन्हानात आली तेव्हापासूनच छप्पर असं आहे, म्हणते," दत्तोपंतांनी भाषांतर केलं.

वॉरनचे डोळे चमकले. त्याने भराभर लिहिलं. रुखमाबाईला वाटलं, आपलंच लिहून राहिला, तशी ती रंगात आली.

"आबासायबानं मोटारीसाठी खोली बांधली. चौकटीवर गनपती बसवला, भटजी बलावून पूजा केली, लाडू वाटले. मंग मोटार आनली, तं चार बोटं उंच! आता गनपती कसा हालवाव? तं आबासायब म्हनते, डोमाजी, मोटारच कापा."

"काय म्हणाल्या?"

"सुंदर गाडी आहे, म्हणते."

"एवढं बोलल्या, आणि इतकंच?"

"मराठी जरा ऐसपैस भाषा आहे," दत्तोपंत कपाळ पुसत म्हणाले.

"छत ग्यासनं जोडता जोडता बानेटवरचा रंग जयला," रुखमाबाई सांगतच होती. "मंग मारबतीच्या मिरवनुकीतले बडग्याचे पुतळे रंगवनारा पेंटर आनला. त्याले बडग्याच्या जिभा सोडून कायीच येत नोयतं. त्यानं जिभा काढल्या."

दत्तोपंतांनी ज्वाळांकडे पाहिलं. खरंच, जिभा होत्या. नऊ जिभा, आणि सगळ्या त्यांनाच वेडावून दाखवत होत्या.

"रंग कॅनडाचाच, म्हणते," ते क्षीण आवाजात म्हणाले.

रुखमाबाई थांबली. "भाऊ, माह्या मालकाचं नाव सांगतलं का त्याले?"

"सांगितलं ना, मावशी."

ती वॉरनपुढे गेली, मान वर करून म्हणाली, "डोमाजी?"

वॉरनने गोंधळून दत्तोपंतांकडे पाहिलं. "डोमाजी म्हणजे काय?"

तिला इंग्रजी येत नव्हतं, पण तोंड वाचता येत होतं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "आबासायबानंयी कोनाले खरं सांगतलं नोयतं. लोक हासाले लागले तं म्हने, मिस्त्रीनं बिघडवली. नऊ दिवस एका आरीनं कापत होते, भाऊ. हाताले फोड आले. अन् त्याच्यानंतर कोन्या बड्या मानसानं त्यायले मोटारीले हात नाही लावू देल्ला."

दत्तोपंतांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सातबाऱ्यावर एका विधवेचं नाव चढवायचं राहिलं म्हणून याच माणसाने एकदा साहेबाशी भांडण काढलं होतं, आणि आज भर रस्त्यात एक नाव स्वतःच्या तोंडाने खोडलं होतं. जॉर्जजी लोहार! त्यांना जॉर्जजींची शिसारी आली.

"मिस्टर वॉरन," ते म्हणाले, "मी खोटं बोललो. बखरसुद्धा खोटी. आता बाई म्हणते ते सांगतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं: चौकट, गणपती, चार बोटं, नऊ दिवस, फोड, जिभा. वॉरनचा चेहरा उतरत गेला.

"पण खालची जमीन का नाही खणली?" त्याने न राहवून विचारलं.

दत्तोपंतांनी ते मराठीत सांगताच रुखमाबाईने कपाळावर हात मारला. "हेच तं माहे मालक म्हनत होते! पन भूमिपूजन होऊन गेलतं ना!"

"आणि मडगार्डं?"

"छत कापलं, तवा समजलं का मोटार रुंदबी हाय. म्हून थे काढले. मंग आबासायबानं सोता चालवत आत नेली. गेली बराबर! पन दोन्ही बाजूनं भिंती, दरवाजे उघडतेत कुठं? अर्धा दिवस आतच बसले. माह्या मालकानं मांगची काच काढून त्यायले वढलं. आबासायब आले, धोतर आतच राह्यलं."

पानाचा डबा का बंद झाला होता ते दत्तोपंतांना आज कळलं. हे सुद्धा सांगायचं? सांगितलं. धोतरासकट. आजोबांच्या आत्म्याची क्षमा मागून इंग्रजीत धोतराचं वर्णनही केलं. वॉरन रस्त्याच्या कडेला बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. रुखमाबाई पदराआड हसली. आणि शेवटी, अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा, त्या मोटारीला खुद्द दत्तोपंत हसले.

हसणं ओसरल्यावर वॉरन उठला. छपराच्या आतून त्याने जोडावर बोट फिरवलं, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "एका करवतीने?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "दत्तोपंत, हे कॅनडातलं काम नव्हे. पान मला काढावं लागेल."

"माहीत आहे," दत्तोपंत म्हणाले. उद्यापासून पुन्हा बसकी मोटारवाले.

"पण इतकी सरळ रेघ आमच्याकडे थोड्यांनाच जमली. जगात इतरत्र कोणी काय कापलं याची पुस्तकाच्या शेवटी एक यादी आहे. एक ओळ मिळेल. नाव तुम्हीच लिहा."

दत्तोपंतांनी वही मोटारीवर टेकवली आणि सुवाच्य अक्षरात, आधी मराठीत, खाली इंग्रजीत लिहिलं. रुखमाबाई जवळ येऊन वहीत डोकावली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं?"

"डोमाजी लोहार, कन्हान."

"लोहार नोका लिवू. लोहार तं गावात लय होते. मिस्त्री लिवा."

दत्तोपंतांनी 'लोहार'वर एकच आडवी रेघ मारली, वर 'मिस्त्री' लिहिलं, आणि सरकारी कागदावर करतात तशी त्या खाडाखोडीशेजारी आपली पूर्ण सही केली.

"आता वाचा."

"डोमाजी मिस्त्री, कन्हान."

"पुन्यांदा," रुखमाबाई म्हणाली, आणि कान जवळ आणला.