मालिकेतली बाई जहाजात बसली

रोज सांजच्याला आमच्यात ती मालिका लागती. नवरा-बायको परदेशात गेल्यात अन् तिथं लढाई पेटलीय. नवरा म्हणतोय तू घरला जा, अन् ती काय हलायला तयार न्हाई. मी हिकडं कवठे महांकाळात बसून तिला शिव्या घालायची, "जा की गं बया. मरतीस का तिथं?"

खरं सांगू का, माझा जीव मालिकेत नव्हताच. माझा धनाजी आखातात क्रेन चालवतो, सून सोनम त्याच्यासंगं. तिथंबी लढाई लागली. कंपनीनं बायकांना माघारी धाडायचं ठरवलं, गड्यांनी कामावर ऱ्हायचं. मी रोज फोन करायची, "सोनम, तू तरी ये. एक तरी जीव घरात असू दे." ती म्हणायची, "बघते, आत्या." बघते म्हंजी न्हाई, एवढं मला कळतं. शेवटी आरेवाडीला जाऊन बिरोबाला नवस बोलले, सोनम घरी आली की पुरणपोळीचा निवद.

अन् परवा मालिकेतल्या बाईनं नवऱ्याचं ऐकलं की. जहाजात बसली. मला बरं वाटाय पायजे हुतं. पण त्यो गडी खोलीत परत आला, सवयीनं दोन ताटं घेतली, अन् एक परत ठिवलं. मी हातातला घास ताटात ठिवला.

"ही कसली बाई?" मी म्हनलं. "दादल्याला टाकून गेली."

आमचं मालक सुपारी कातरत हुतं. "रोज तूच सांगत हुतीस, जा म्हणून. गेली."

"गप बसा."

"गपच हाय. मेंढरांमागं हुतो तवा लांडग्यांनी कळप फाडला. तुझा बाप न्यायला आला. गेलीस का?"

गेले न्हवते. आमच्यात बिऱ्हाड घोड्यावर अन् घोड्याचा दोर बाईच्या हातात. बाई म्होरं जाऊन तळावर चूल मांडती, गडी मेंढरं घेऊन मागनं येतो. चूलच न्हाई तर त्यानं यायचं कुठं? बापाला मी हेच सांगून माघारी लावलं हुतं. अन् सुनेला मात्र रोज बोलवत हुते. माझी मलाच लाज वाटली.

तिथल्या तिथं फोन लावला. "सोनम, एकटी येऊ नगंस. याल तर दोघं या."

ती हसली. "आत्या, माघारी धाडायच्या यादीतनं माझं नाव मी कवाच काढाय लावलंय. तुमी वरडाल म्हणून बोलले न्हाई."

"वरडणारच हुते. धनाजी जेवला का?"

"आत्ताच आलाय. दोन ताटं घेतल्यात."

मला लय बरं वाटलं. सकाळी उठून आरेवाडीला गेले, भंडारा लावला अन् देवाला म्हनलं, "बाबा, मागं बोलले ते धरू नगं. दोघांना संगं आण. तवर मी दुसरं काय मागत न्हाई."