मुकुंदरावांनी दम धरला

मुकुंदरावांच्या फुप्फुसांबद्दल शहराच्या लश्कर भागात दोन मतं होती. एक खुद्द त्यांचं, दुसरं त्यांचा दोस्त रमाकांत याचं. पणजोबांनी फौजेत शिंग फुंकलं की शत्रूचे घोडे तोंड फिरवून थेट चंबळ गाठायचे, आणि तोच दम आपल्यात उतरलाय, हे पहिलं मत. मुकुंदरावांचा सगळा दम गप्पांतच खर्च होतो, हे दुसरं.

यंदा गणपतीच्या आरतीला शंख कोणी फुंकायचा, यावरून हे पेटलं होतं. आजवर तो मान मुकुंदरावांचा. तो गेला, तर टोपी बाजारातून मान खाली घालून जायची पाळी!

"भांडता कशाला? मोजून टाकू ना," पुतणी गरिमा म्हणाली. ती श्वासावर संशोधन करायची. फुंकणारी माणसं तिला हवीच होती.

तिच्या प्रयोगशाळेतलं यंत्र म्हणजे एक नळी. आत बारीक जाळी, जाळीच्या अलीकडे-पलीकडे दोन रबरी नळ्या. फुंकलं की जाळीपाशी हवा जराशी अडते, दोन्हीकडच्या दाबात फरक पडतो, आणि त्या फरकावरून हवेचा जोर पडद्यावर उमटतो.

रमाकांतने फुंकलं. आकडा चांगला घसघशीत आला.

"या आता, शिंगवाले!"

मुकुंदराव स्टुलावर बसले आणि त्यांनी श्वास ओढला. खिडकीचा पडदा आत आला, भिंतीवरचं कॅलेंडर येऊन त्यांच्या छातीला चिकटलं. तेवढ्यात एक रबरी नळी फाटली. एरवी "रुको काका" म्हणणाऱ्या गरिमाला नेमकं तेव्हाच शुद्ध मराठी सुचलं.

"काका, जरा दम धरा!"

मुकुंदरावांनी धरला.

ती नवी नळी शोधायला गेली. इकडे शर्टाची बटणं एकेक करून सुटली; गालांचे डग्गे झाले. मग स्टूल जमिनीवर राहिलं आणि मुकुंदराव तेवढे वर निघाले. रमाकांतने त्यांचा पाय पकडला.

"अहो, सोडा की श्वास! पंखा चालू आहे वर!"

मुकुंदरावांनी नुसती मान हलवली. शंखाचा प्रश्न होता.

"हाय राम!" गरिमा दारातच किंचाळली. "काका, मी थांबा म्हटलं होतं!"

तिने घाईघाईत दोन्ही नळ्या खोचल्या, रमाकांतने लोंबकळून त्यांना खाली आणलं, आणि मुकुंदरावांनी फुंकलं. महाराज बाडा चौकातल्या फुगेवाल्याचे सगळे फुगे किल्ल्याच्या दिशेने गेले म्हणतात.

पडद्यावर भलामोठा आकडा आला. त्याच्या आधी उणे.

"उणे!" रमाकांत नाचायलाच लागला. "यांनी फुंकलंच नाही, ओढलं! शंख माझा!"

मुकुंदरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बोलायला श्वासही उरला नव्हता.

गरिमाने नळ्या पाहिल्या आणि जीभ चावली. "सॉरी काका, नळ्या उलट्या लागल्या. अलीकडची पलीकडे. मशीनला वाटलं, हवा उलटी आली. आकडा एकदम सही आहे, फक्त उणे पुसायचं."

पुसलं. रमाकांतचा आकडा शेजारी ठेवला, तर हत्तीजवळ शेळी उभी केल्यासारखा दिसला.

रमाकांतने कान पकडले. "शंख तुमचा, मुकुंदराव. पण एक अट."

मुकुंदरावांनी भुवई उंचावली.

"फुंकताना तोंड दाराकडे करायचं. बाप्पा पहिल्याच दिवशी विसर्जनाला निघायचे!"