हात वर, हात खाली

"ऐका, काका! आत्ता वाजतंय."

वायरवाल्या काकांनी डोकं स्टिअरिंगखाली घातलं, डॅशबोर्डला कान लावला आणि श्वास रोखून धरला. काही नाही. "हं," ते म्हणाले, "वाजतंय की!"

"आता थांबलं, काका," दाराशी उभी असलेली नर्स म्हणाली.

काकांनी घाईघाईनं डोकं बाहेर काढलं. ही जुनी गाडी मधेच पीं-पीं वाजते या एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा दुकानात आली होती. आधीच्या दोन्ही वेळा त्यांनी जोडण्या साफ केल्या, कान लावला आणि सगळं शांत आहे म्हणून किल्ली परत दिली होती.

"वॉर्डात असं वाजलं की आम्ही धावत सुटतो," नर्स सांगत होती. "गाडीत वाजलं की पाय आपोआप ब्रेकवर जातो. काल मागचा ट्रक जेमतेम थांबला. आज होईल ना नक्की?"

"होईल म्हणजे काय, सिस्टर! संध्याकाळी घेऊन जा."

ती ड्यूटीवर गेली. जाताना तिनं काकांच्या कानाकडे पाहिलं, असं त्यांना वाटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

काकांची सगळी अब्रू कानावर होती. रिलेची टिकटिक ऐकून ते बिघाड सांगत. 'काकांचा कान म्हणजे कान,' असं गिऱ्हाइकं म्हणत. तोच कान आता दगा देतोय हे बाहेर फुटलं तर? समोरचं काँप्युटरवालं गॅरेज टपूनच बसलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत त्यांनी डॅशबोर्ड उघडला आणि बझरवर बोट टेकवलं. वाजताना तो थरथरतो का ते बोटानं चाचपलं, पण काही कळेना.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. काकू म्हणजे गल्लीतला दणदणीत आवाज. ही बाई नवऱ्याशी बोलते की भांडते, असं शेजारीपाजारी म्हणत.

"अहो, हे काय वाजतंय मेलं?"

"कुठं काय वाजतंय?" काकांनी तोंड फिरवलं.

काकूंनी डबा खाली ठेवला. "पुरे झालं आता. मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"मी काय हौसेनं ओरडते दिवसभर? हळू बोललं की तुम्ही नुसती मान हलवता. चहा हवा का विचारलं तरी मान, गॅस संपला सांगितलं तरी मान. मग चढवला आवाज. लोक भांडखोर म्हणतात, म्हणू देत!"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

काकांनी पक्कड उचलली. मग म्हणाले, "बस गाडीत. वाजलं की हात वर कर, थांबलं की खाली घे."

काकू सीटवर बसल्या आणि लगेच हात वर केला. काका एकेक वायर हलवू लागले. हात वरच. घड्याळाकडची, दिव्यांकडची, पंख्याकडची, सगळ्या हलवून झाल्या.

"अहो, खांदा गेला माझा!" काकूंनी हात बदलला.

शेवटी काकांनी दाराच्या बिजागरीकडे जाणारी वायर ओढली. हात खाली. सोडली. हात वर. पुन्हा ओढली. हात खाली! वरचं आवरण झिजून तार पत्र्याला टेकत होती आणि दार बंद असलं तरी गाडीला ते उघडं वाटत होतं. काकांनी नवी वायर जोडली, वर घट्ट पट्टी गुंडाळली. हात खालीच राहिला.

संध्याकाळी नर्सनं गाडी खड्ड्यांतून फिरवून आणली. "नाही वाजलं, काका! आता परत नाही ना वाजणार?"

वाजलं तर मी ऐकतोच की, हे शब्द काकांच्या अगदी ओठांवर आले होते. बाकावर काकूंशेजारी दोन गिऱ्हाइकं बसली होती. काकांनी ते शब्द गिळले.

"मला तो आवाज ऐकू येत नाही, सिस्टर," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "तुम्ही हिला विचारा. ऐकायचं काम आता हिच्याकडे."

गिऱ्हाइकांनी माना वर केल्या. केल्या तर केल्या.

काकू नर्सजवळ गेल्या आणि बोलू लागल्या. कपाळावर आठी नाही, मानेची शीर ताठलेली नाही. लग्नानंतरच्या दिवसांत बोलायच्या तशा अगदी हळू बोलत होत्या. नर्स हसून मान डोलवत होती.

काकांना त्यातलं अवाक्षरही ऐकू आलं नाही. हातातली पक्कड पुसत ते काकूंच्या ओठांकडे पाहत राहिले.