कडूबा मामांच्या टँकरचा पंखा

कडूबा मामांचा पाण्याचा टँकर वळणावर दिसला, की कय्युम मिस्तरीचा हात आपोआप कपाळावर जायचा. त्या दिवशीही गेला. मे महिना, सकाळचे साडेदहा, पत्र्याची शेड आधीच तापलेली, आणि चहाचा पहिला घोट नुकता कुठं तोंडात गेलेला. टँकर थेट शेडच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. मामा खाली उतरले, उपरण्यानं मान पुसली आणि नेहमीच्या चढ्या आवाजात नेहमीचं वाक्य बोलले.

"मिस्तरी, पंखा पुन्हा बंद पडला."

ही सातवी वेळ होती. कय्युमनं कप खाली ठेवला. त्याला वाटलं, आपण सरळ उठावं, शेडला कुलूप लावावं आणि उस्मानपुऱ्यात मेहुण्याच्या दुकानात जाऊन फोनची कव्हरं विकावीत.

मुळात ही उठाठेव कय्युमचीच होती. मामांचा टँकर जुना, पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन हळू तर पंखाही हळू. आणि टँकरचं काम कसलं, तर गल्लीत जाऊन इंजिन चालू ठेवून तास तास उभं राहायचं, कारण वरच्या टाक्यांत पाणी चढवणारा पंपही इंजिनावरच. उभ्या गाडीत पंखा नुसता डुलक्या घ्यायचा. दहा हजार लिटर पाणी पाठीवर वागवणारी गाडी स्वतः मात्र दिवसातून दोनदा उकळायची. म्हणून जानेवारीत कय्युमनं जुन्या पंख्याची पाती काढली, पट्टा तेवढा इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपासाठी ठेवला, आणि रेडिएटरच्या पुढं चोवीस व्होल्टचा इलेक्ट्रिक पंखा बसवला. सोबत सेन्सर. इंजिन तापलं की पंखा आपोआप चालू, निवलं की आपोआप बंद. काम इतकं देखणं झालं होतं, की त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवलं.

तेव्हापासून मामांनी त्याच्या नाकीनऊ आणले होते. रस्त्यात मध्येच टँकर थांबवायचा, समोरच्या जाळीतून डोकवायचं, पंखा फिरत नाही असं दिसलं की इंजिन बंद करून लिंबाखाली अर्धा तास बसायचं, आणि मग खेप अर्धवट सोडून इथं हजर व्हायचं. कय्युम इंजिन चालू करायचा, तापू द्यायचा, पंखा फिरायला लागायचा. मामा खूश. "केला बघा चालू. हातात गुण हाय तुझ्या," म्हणायचे आणि जायचे. एकदा तर पिशवीभर पेरूही देऊन गेले. न बिघडलेल्या पंख्याच्या दुरुस्तीबद्दल.

"मामा," कय्युम बॉनेटमध्ये डोकं घालत म्हणाला, "गरम झाल्याशिवाय हा फिरत नाय. थंड असला की बंदच राहणार. त्याला बंदच राहायचं असतं तवा. कितव्यांदा सांगतोय मी?"

"व्हय, व्हय," मामा मागून म्हणाले.

"मग कायको आते रोज?"

"व्हय, व्हय. बघ तू सावकाश."

कय्युमनं पाना आपटला. सेन्सर त्यानं एकदा बदलला होता, वायर दोनदा. शेजारचा पंक्चरवाला आता हसायला लागला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे कय्युमनं बसवलेला पंखा चालत नाही, असं टँकरवाल्यांत पसरलं होतं. दहा मिनिटांनी इंजिन तापलं, पंखा गरगर फिरायला लागला. मामांचा चेहरा उजळला, पण लगेच उतरला.

"आज नीटच करून दे बाबा," ते म्हणाले. "नानासाहेबानं सांगून टाकलंय. आता एक खेप चुकली, की यादीतून नाव खोडणार. या गाडीबिगर दुसरं काय हाय माझ्यापाशी?"

नानासाहेब म्हणजे टँकरच्या खेपा वाटून देणारा ठेकेदार. तो बोलल्याप्रमाणं करायचा, हे कय्युमला ठाऊक होतं. त्याचा राग निम्मा ओसरला, पण निम्मा राहिलाच. त्यानं हात पुसले, शेड पंक्चरवाल्याच्या हवाली केली आणि टँकरमध्ये चढून मामांच्या शेजारी बसला.

"चला. आज पंखा कुठं बंद पडतो ते माझ्या डोळ्यांनी बघतो."

वाटेत त्यानं पुन्हा समजावलं. पुढं रस्त्याकडं बघत, हातवारे करत, सेन्सर म्हणजे काय इथपासून सगळं. मामा स्टेअरिंग धरून मान हलवत होते. कय्युमला वाटलं, या माणसाच्या एका कानातून जातं आणि दुसऱ्यातून निघतं. इतका कोडगा माणूस त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

गल्ली मुकुंदवाडीच्या आतल्या बाजूची, अरुंद. टँकर उलटाच आत घ्यावा लागायचा. दोन्ही बाजूंना हंडे, बादल्या, निळे ड्रम, आणि त्यांच्यामध्ये बायामाणसं. कय्युम खाली उतरून मागं गेला. टँकर सावकाश मागं येत होता. तेवढ्यात त्याला दिसलं, की एक तीनेक वर्षांची पोर आपली निळी प्लॅस्टिकची बादली घेऊन बरोबर चाकाच्या वाटेत फतकल मारून बसली आहे.

"मामा, थांबा," कय्युम ओरडला. टँकर येतच राहिला. "मामा, ब्रेक मारा." घसा फाटेल इतक्या जोरानं तो ओरडला. टँकर येतच राहिला.

गल्लीच्या तोंडाशी राहणारी मनकर्णाबाई पुढं झाली. तिनं एका हातानं पोरीला दंडाला धरून ओढलं आणि दुसऱ्या हातातला रिकामा हंडा टँकरच्या पत्र्यावर एकदाच दाणकन हाणला. टँकर जागच्या जागी थांबला. पोर वाटेबाहेर गेल्यावर तिनं दोनदा हाणला. टँकर पुन्हा मागं येऊ लागला.

कय्युम धावत तिच्याजवळ आला. "अहो मावशी, मी एवढा बोंबलतोय..."

"बोंबलून काय उपेग?" मनकर्णाबाई म्हणाली. "त्यांना कुठं ऐकू येतं? हादरा बसला की कळतं. एकदा वाजवलं की थांबायचं, दोनदा वाजवलं की यायचं. आमी बायांनी बसवलंय ते."

"ऐकू येत नाय? कधीपासून?"

"दिवाळीपासून तर पारच गेलं. तुमाला नाय म्हायती? तुमच्याकडंच तर असत्यात सारखे."

कय्युम उन्हात उभा राहिला. जानेवारीपासून सात वेळा त्यानं या माणसाला समजावलं होतं, आणि सातही वेळा बॉनेटमध्ये डोकं घालून, त्याच्याकडं पाठ करून. शेडमध्ये घण आणि ग्राइंडरचा गोंगाट, तिथं सगळेच चढ्या आवाजात बोलतात, तसे मामाही. त्याला शंकासुद्धा आली नव्हती. गल्लीतल्या बायांना जे सहा महिन्यांपूर्वी कळलं, ते गाडीच्या बारीकसारीक आवाजावरून दुखणं ओळखणाऱ्या मिस्तरीला कळलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पाणी वाटून झालं. कय्युमनं मामांना हाताला धरून गाडीच्या पुढं नेलं. तोंड त्यांच्यासमोर धरलं. मग काही न बोलता त्यांचा तळवा रेडिएटरच्या जाळीवर ठेवला. जाळी कोमट होती, पंखा बंद. तळवा तिथंच दाबून धरला. पंपानं तापवलेलं इंजिन अजून चालू होतं. जाळी तापत गेली, चटका बसायला लागला, मामांनी हात मागं घेतला, आणि त्याच क्षणी पंखा सुरू झाला. मामांच्या उपरण्याचं टोक हललं.

मामा पंख्याकडं बघत राहिले. "म्हंजे गरम झाल्यावरच फिरतो व्हय? थंड असला की बंदच?"

कय्युमनं मान हलवली.

"मग हे आधी नाय का सांगायचं, मिस्तरी?"

कय्युमला हसावं की रडावं कळेना. चार महिने त्याला एकच गोष्ट हवी होती, की या माणसाला हे एवढं समजावं आणि त्यानं पुन्हा शेडकडं फिरकू नये. आता ते झालं होतं. मामा खुशीत वर चढून बसलेसुद्धा. आता टँकर कुठंही थांबणार नव्हता, एकही खेप चुकणार नव्हती, नानासाहेब नाव खोडणार नव्हता. कय्युमला मात्र ती निळी बादली दिसत होती. तो पायरीवर चढला, खिडकीतून हात घातला आणि किल्ली काढून घेतली.

"मामा, तुमाला ऐकू येत नाय," तो सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाला.

मामांचा चेहरा कसनुसा झाला. "कुणी सांगितलं? चांगलं येतंय." मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांच्या मते हळू आवाजात, पण पुऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "कुणापाशी बोलू नको बाबा. नानासाहेबाच्या कानावर गेलं तर गाडीवर बसू देणार नाय. आजवर कुणाला पत्ता लागू दिला नाय मी."

"सगळ्यांना म्हायतीय, मामा." कय्युमनं बायांकडं बोट केलं, मग हंड्याकडं, मग टँकरच्या मागच्या पत्र्याकडं. पत्रा पोचे पडून पडून खडबडीत झाला होता. "तुमच्यासाठी वाजवतात ते."

मामा मान वळवून बघत राहिले. बाया आपापले हंडे उचलता उचलता थांबल्या होत्या. मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मला वाटलं, पाण्याची घाई म्हणून वाजवत्यात," मामा म्हणाले.

त्यांनी स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढले. मग दार उघडून खाली उतरले, गाडीला पुढून वळसा घातला आणि क्लीनरच्या बाजूनं वर चढून बसले. वीस वर्षांत त्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत असावेत, कारण पाय कुठं ठेवायचे ते त्यांना समजत नव्हतं.

"तूच घे बाहेर," ते म्हणाले. "दुपारची खेप चुकायला नको. उद्याचं उद्या बघू, कुणीतरी ड्रायव्हर मिळंलच."

कय्युम स्टेअरिंगवर बसला. किल्ली फिरवून पहिला गिअर टाकला.

"हॉर्न वाजवत चल," मामा म्हणाले. "लेकरं असत्यात गल्लीत."

कय्युमनं हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. बाया कानांवर हात ठेवून भिंतीला टेकल्या, कुत्री पळाली, वरच्या मजल्यावरून कुणीतरी शिवी हासडली. मामा समोर बघत होते.

"वाजतोय ना?" त्यांनी विचारलं.

कय्युमनं गाडी थांबवली, त्यांच्याकडं पूर्ण तोंड वळवलं आणि मग सांगितलं, "वाजतोय, मामा."