तापलेल्या गच्चीवरची दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चांदण्यांच्या नादी मी कधी लागले नाही, माझं सगळं आयुष्य सूर्याकडे बघण्यात गेलं. तोंडावर फिल्टर चढवल्याशिवाय मला कोणी त्याच्यासमोर धरलं नाही, आणि तुम्हीही उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघू नका.

माझं भिंग दादाने घासलं. दादा चष्म्याच्या दुकानात कारागीर होता. लोकांचे नंबर घासता घासता त्याची उमेद सरत आली होती, पण एकदा तरी मनासारखं मोठं भिंग करायचं, ही त्याची हौस. कामावरून आला की तो ओट्यावर काचेवर काच ठेवून घासत बसे. त्याची बायको म्हणायची, सवतीचेही कोणी एवढे लाड करत नाही.

मी तयार झाले तशी दादाने मला धाकट्या भावाच्या हवाली केलं. धाकटा कचेरीत कारकून, आणि त्याला सूर्याचे फोटो काढायचं वेड. त्याच्यासारख्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. त्यातल्या दोघांनी दादाला आधीच सांगून ठेवलं, आम्हालाही असंच भिंग करून द्या. दादाला आकाश ठेंगणं झालं.

धाकट्याला सकाळी उठायचा कंटाळा. रविवारी भरपूर झोपून, जेवूनखाऊन तो भर दुपारी मला गच्चीवर मांडायचा. खाली सिमेंट, शेजारी पत्र्याची शेड. तिथून गरम हवा वर उठायची आणि माझ्यापुढे सूर्याची कड उकळत्या दुधासारखी हलत राहायची. मंडळातल्या इतरांच्या फोटोंत सूर्यावरचे डाग रेखीव असत, भोवतीचे बारीक दाणेसुद्धा दिसत. आमच्या फोटोंत डाग म्हणजे सांडून पुसलेली शाई. मी काय करणार? काच माझी होती, हवा माझी नव्हती.

एकदा मंडळातली माणसं गच्चीवर जमली. दादालाही बोलावलं होतं. संगणकाच्या पडद्यावर सूर्य थरथरताना सगळ्यांनी पाहिला. दादाने गच्चीला हात लावून पाहिला आणि सांगितलं, भिंग ठीक आहे, हवा हलतेय, सकाळी गच्ची तापायच्या आत गवतावर लावून बघ.

"नाचता येईना अंगण वाकडं," धाकटा हसून म्हणाला.

सगळे हसले. दादा जिना उतरला. त्या दोन भिंगांचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही. दादाने घासायचं सोडलं आणि आमच्याकडे यायचंही.

धाकट्याने महागडी दुर्बीण आणली, मी जिन्याखाली झाडूशेजारी गेले. पण त्याच गच्चीवर त्या नव्या बाईचाही सूर्य तसाच उकळला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग धाकट्याला दादाचं बोलणं आठवलं असावं. एका सकाळी तो तळ्याकाठच्या गवतावर गेला. ओल्या गवतात नवी दुर्बीण न्यायला त्याचं मन धजेना, म्हणून मला नेलं. हवा शांत होती. पडद्यावर सूर्याचा दाणा न दाणा दिसला. तो फोटो त्याने मंडळाला दाखवला. सगळ्यांनी नव्या दुर्बिणीचं कौतुक केलं, आणि त्याने ते मुकाट्याने ऐकून घेतलं.

संध्याकाळी मला आणि फोटोला घेऊन तो दादाकडे गेला. भिंग चांगलंच होतं, माझं चुकलं, म्हणाला. दादाने खिडकीपाशी जाऊन फोटो निरखला. मऊ फडक्याने माझी काच पुसली. मग विचारलं, "मंडळात सांगितलंस?"

"सांगेन की. आता जुनं कशाला उकरायचं, दादा?"

"हसलास चारचौघांत, आणि माफी मागायला एकटा आलास," दादा म्हणाला. फोटो त्याने परत दिला.

मंडळात अजून कोणाला काही माहीत नाही. मी पुन्हा जिन्याखाली आहे. मित्रांनो, वस्तू पुसा, जपा, ते चांगलंच. पण कोणाच्या कामाला चारचौघांत नावं ठेवली असतील, तर चूकही चारचौघांतच कबूल करा, आणि वेळेत करा. दादाचे हात अजून थरथरत नाहीत. पण त्या हातांकडे आता कोणी भिंग मागत नाही.