सुमित्राबाईच्या चुलीचा उलटा धूर

हसू नका आधी, पुरतं ऐका. मी बी त्या रांगेत उभी होती, नारळ घेऊन. आता आठवलं का मलेच माझी किळस येते.

दोन हजार एकचा हिवाळा. केशोरीत आमच्या घराबाजूले सुमित्राबाईचं घर. सकाळी आठपासून तिच्या सैपाकखोलीसमोर ही रांग. बाया, म्हातारे, कडेवर पोरं. पाहायचं काय, तर चूल. नवीन निर्धूर चूल, पाईपवाली. पाईपवाल्या चुलीचा धूर वर जाते, होय का नाई? हिचा धूर खाली येऊन राहिला होता. लाकडं सारली का चुलीच्या तोंडातून भकाभका बाहेर, मंग थांबे, मंग पुन्हा. जशी आत कोणी श्वास घेऊन राहिली.

आन् तिथं केवलराम महाराज. कुठून आला कोणाले माहीत नाई, कोणी म्हणे सालेकशाच्या जंगलातून, कोणी म्हणे छत्तीसगडातून. हिंदीत बोले, म्हणून लोकांले वाटे लय पोचलेला हाय. "देवी साँस ले रही है, माई. अग्निमाता आपके घर जागी है." हे म्हणताना स्वतः मात्र दाराबाहेर, नाकाले उपरणं लावून. मी हे पाहिलं होतं, पण तवा डोक्यात शिरलं नाई.

खरा चमत्कार तर पुढंच. सुमित्राबाईची सून चंदावहिनी, पाचवा महिना चालू. धान उसनायले, म्हणजे उकडायले, ती तासंतास चुलीपाशी बसे, थंडी म्हणून दार लावून. दुपारपर्यंत कपाळ ठणके, उलट्या होत, मंग काहीबाही बडबडे आन् धाडकन पडे. महाराज म्हणे, अंगात आली. तिले अंगणात चिंचेखाली आणवे, मोरपिसानं वारा घाले, अर्धा तास पुटपुटे, आन् चंदावहिनी डोळे उघडे. जयजयकार. चार दिवसांत तीनदा हे झालं.

तिसऱ्यांदा ती उठली तवा मी तिले पाणी पाजून राहिली होती. माझं मनगट धरून म्हणाली, "रंजिता, माझ्या अंगात कोणी नाई वो. मले फक्त बाहेर राहू द्या."

सासू मागंच उभी होती. तिनं ऐकलं नसन तर बहिरीच म्हणा.

सोमवारी महाराजानं हुकूम काढला. चंदा दोन तास चुलीसमोर बसन, दार बंद, झरोका शेणामातीनं लिंपून, म्हणजे देवी घरात कायमची राहन. झरोका कोण लिंपून राहिला होता? तिचा नवरा, वीरेंद्र. खाली मान घालून. त्याचे ते शेणाचे हात आठवले का आजही मले घास जात नाई.

मी पळत सुटली ते प्रेमिलाकाकीकडं. काकी म्हणजे आमच्याकडल्या दहा गावांत निर्धूर चुली मांडणारी बाई. ही चूल बी तिनंच मांडली होती, दोन महिन्यांआधी. मी धापा टाकत देवी, अंगात, झरोका, सारं एका दमात सांगितलं. काकीनं एकच इचारलं.

"पाईप कवेलूच्या वर दिसते का वो?"

मी आठवून पाहिलं. छपरावर काईच नव्हतं. काकी चप्पल न घालता निघाली.

अंगणात शंभरेक लोकं, भजन चालू. दाराच्या कडीले लाल धागा. महाराज चिंचेखाली खाटेवर. काकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"महाराज, तुम्ही बी बसा न आत. तुमचीच देवी हाय, तुम्हाले काय करन?"

"हमारा स्थान बाहर है."

"काऊन?"

त्यानं उपरणं पुन्हा नाकाले लावलं. मले पक्कं वाटते, ह्या 'काऊन'चं उत्तर त्याले ठाऊक होतं. म्हणून तर त्याची जास्त घाण वाटते.

काकीनं धागा तोडला, दार लोटलं. आत धूरच धूर, चंदावहिनी भिंतीले टेकून, मान एकीकडं, तोंडातून लाळ. आम्ही चौघींनी उचलून बाहेर आणली. मोरपीस नाई, मंत्र नाई. काकी फक्त म्हणाली, सरका, हवा येऊ द्या. तेवढाच अर्धा तास लागला. चंदावहिनीनं डोळे उघडले आन् पहिले पोटावर हात ठेवला.

"हालून नाई राहिलं वो," ती म्हणाली.

भजन बंद झालं. वीरेंद्रले आता कुठं जाग आली, जीप आणून तिले दवाखान्यात घेऊन गेला.

काकी शिडी लावून माळ्यावर चढली. पाईप माळ्यावरच संपला होता, आन् त्याच्या तोंडापाशी बियाण्याच्या धानाची ढोली, ही मोठी कणगी. आमच्याकडं रीतच हाय, बियाणं चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचं, धूर लागला का कीड लागत नाई. पाईप बाहेर काढला तर बियाण्याले धूर कुठून भेटन, म्हणून सुमित्राबाईनं, आम्ही घरीच लावतो म्हणत, काकीले तिसरा पाईप लावूच दिला नव्हता, तो गोठ्यात पडला होता. वरून पावसाळ्यात कवेलूखाली ताडपत्री ठोकलेली. धुराले निघायले जागाच नाई. माळा भरला का वापस खाली. एवढीच देवी, एवढाच तिचा श्वास.

काकीनं ढोली सरकवली, ताडपत्री कापली, कवेलू काढले. तिसरा पाईप दुसऱ्याच्या तोंडात घट्ट बसवला, सांध्याले ओली माती थापली, लाकडी वाशापासून हातभर दूर ठेवला, तापून वासा पेटू नये म्हणून. कवेलूच्या दोन हात वर. खाली चूल पेटवली तर धूर सरळ आभाळात.

मंग ती वरूनच बोलली. "धूर तरी दिसते. पण कोंडलेल्या आगीतून एक वायू निघते, त्याले ना रंग ना वास. तो रक्तात शिरते. डोकं ठणकते, माणूस बडबडते, पडते, मरते. मोकळ्या हवेत आणलं का हळूहळू उतरते. तुमच्या महाराजानं तेवढंच केलं, तिले बाहेर आणलं. आन् पुन्हा आत धाडलं."

महाराज तोपर्यंत नारळाचं पोतं सायकलीले बांधून राहिला होता. कोणी अडवलं नाई. एक बुढा तर त्याच्या पाया पडला. सुमित्राबाई म्हणे, काकीच्या पायानं देवी रुसून गेली. थू.

संध्याकाळी वीरेंद्र आला. नर्सबाईनं पोटाले नळी लावली तवा लय वेळ काईच ऐकू येत नव्हतं म्हणे. मंग ठोके लागले. हळू, पण लागले. डॉक्टर म्हणाले, अजून जरा वेळ आत राहिली असती तर दोघंही गेले असते. चंदावहिनी सासरी आलीच नाई, दवाखान्यातून सरळ माहेरी गेली. पोरगी झाली तिले, चांगली हाय.

तर बापा, घरी गेले का अंगणात उभं राहून वर पाहा, पाईप कवेलूच्या वर निघते का, धूर तिथूनच जाते का. आन् चुलीपाशी बसलेल्या बाईच्या अंगात आलं असं कोणी म्हटलं, तर पहिले दार उघडून तिले बाहेर आणा, दवाखान्यात न्या. ज्याले मंत्रच म्हणायचा हाय, त्याले म्हणा आत जाऊन म्हण, दार लावून.